बायपास की स्लीव्ह? आधी गोळ्यांची यादी काढा

आज कोड नाही, इंटरव्ह्यू नाही, नोटीस पिरियड नाही. मागच्या एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो की माझं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरतंय. त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. कुणाच्या आईचे गुडघे गेलेत, कुणाची कंबर धरलेली असते, कुणाला संधिवात आहे, आणि वजनही शंभरीच्या पुढे आहे. रोज पेनकिलर चालू आहे. डॉक्टर म्हणतात बेरियाट्रिक सर्जरी करा. मग स्लीव्ह करायची की बायपास?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मी जे सांगतोय ते माझ्या डॉक्टरांशी बोलून आणि वाचून समजून घेतलेलं आहे. हे ऐकून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, चालूही करू नका. हे ऐकून डॉक्टरांकडे नीट प्रश्न घेऊन जायचं, एवढंच.

माझी केस

माझं वय २८. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. म्हणजे बीएमआय साधारण ३८.५. आणि मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. नाव अवघड आहे, पण आजार आपल्या वयातलाच. पाठीच्या कण्याच्या आणि माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांना आतून सूज येते. साधी पाठदुखी आराम केल्यावर कमी होते, ही उलटी असते. रात्री झोपलं की वाढते, पहाटे जाग येते, सकाळी पाठ लाकडासारखी असते, आणि चाललं-फिरलं की सुटते. तुमच्यापैकी कुणाला तीन महिन्यांहून जास्त असं होत असेल तर 'खुर्ची बदल' असं म्हणून सोडून देऊ नका, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा.

या आजारात व्यायामाच्या जोडीनं पहिलं औषध म्हणून जे देतात ते म्हणजे सूज कमी करणाऱ्या पेनकिलर. डॉक्टरी भाषेत एनएसएआयडी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब हे सगळं एकाच घराण्यातलं. मी गेली पाच वर्षं नॅप्रोक्सेन ५०० घेतोय, बहुतेक दिवस दोन वेळा. साधी पॅरासिटामॉल माझ्या पाठीला फारशी दाद देत नाही. ही गोळी घेतली की मी सकाळी नऊच्या स्टँडअपला माणसासारखा बसतो. नाही घेतली तर मोजे घालायलाही दहा मिनिटं लागतात.

सर्जनकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वजन, शुगर, झोप, जेवण, सगळं विचारलं गेलं. दोन्ही ऑपरेशनांची चित्रं काढून दाखवली. तेव्हा शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, "डॉक्टर, हा रोज दुखण्याच्या गोळ्या घेतो, त्यांचं काय?" आणि बोलण्याची दिशाच बदलली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, "कुठल्या गोळ्या? नावं सांगा." आजचा भाग त्या प्रश्नावर आहे.

दोन ऑपरेशनं, अगदी थोडक्यात

स्लीव्ह म्हणजे काय, तर जठर उभं कापतात. साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. अन्नाचा रस्ता तोच राहतो. आतडं कुठे कापत नाहीत, कुठे जोडत नाहीत. पण काढलेला भाग परत येत नाही.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात. साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे. आणि त्या पिशवीला लहान आतड्याचा खालचा भाग आणून थेट जोडतात. बाकीचं जठर पोटातच असतं, पण त्यातून अन्न जात नाही. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वजनासाठी पहिलं बायपास केलं. तेव्हापासून पद्धत बरीच बदलली. आता दुर्बिणीतून होतं.

तिसरं नाव आपल्याकडे खूप ऐकू येतं, मिनी बायपास. ते अमेरिकेतल्या रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलं. दोनऐवजी एकच जोड असतो, म्हणून 'मिनी'. नाव ऐकून लोकांना वाटतं छोटं ऑपरेशन, धोका कमी. पण आपल्या आजच्या विषयापुरतं लक्षात ठेवा, मिनी असलं तरी जठर आणि आतड्याचा जोड त्यातही आहेच.

आणि सगळी गोष्ट त्या जोडापाशी अडते.

जोडापाशी काय होतं

आपल्या जठरात तीव्र आम्ल असतं. तरी जठर स्वतःला का जाळून घेत नाही? कारण त्याला आतून चिकट अस्तर असतं आणि आम्ल मारणारा क्षार तिथेच तयार होत असतो. हे सगळं चालू ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. गंमत अशी की सांध्यात सूज आणि ठणका आणणारी रसायनंही त्याच कुटुंबातली. पेनकिलर ती बनवणारं यंत्रच बंद करतात. जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवलं, आणि १९८२ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे एकाच गोळीनं पाठ सुटते आणि जठराचं संरक्षणही उतरतं.

आता बायपास झालेल्या पोटात बघा. छोट्या पिशवीतलं आम्ल थेट आतड्याच्या अशा भागावर पडतं ज्याला आम्लाची सवयच नाही. एरवी तिथे पोचेपर्यंत पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्याला सौम्य करून टाकतात. बायपासनंतर ते रस खूप खाली येऊन मिसळतात. त्यामुळे जोडाची जागा मुळातच नाजूक. त्यात पेनकिलरनं संरक्षण काढून घेतलं की तिथे अल्सर होतो. त्याला मार्जिनल अल्सर म्हणतात. तो दुखतो, त्यातून रक्त जातं, आणि कधी कधी तिथे भोक पडतं. भोक पडणं म्हणजे रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स आणि तातडीचं ऑपरेशन. सिगारेट आणि तंबाखूनं हा धोका आणखी वाढतो.

म्हणून बायपासनंतर सर्जन सांगतात की या गोळ्या टाळा. महिना-दोन महिने नाही, कायमच्या. वयाच्या २८ व्या वर्षी 'कायमच्या' म्हणजे किती, हिशोब करा.

यावर आईचा पुढचा प्रश्न होता, "जेवल्यावर घेतली तर चालेल ना?" आपल्या घराघरांत हाच समज आहे. उपाशीपोटी नको, जेवून घे, वर एक ॲसिडिटीची गोळी घे, झालं. पण गोळी फक्त पोटाला चिकटून त्रास देत नाही. ती रक्तात जाते आणि रक्तातून जठरापर्यंत पोचून तेच काम करते. म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं तरी धोका टळत नाही. मांडीवर सुई घेतली म्हणून पोटातला जोड सुटत नाही. ॲसिडिटीची गोळी, म्हणजे पँटोप्राझोलसारखी, संरक्षण देते. बायपासनंतर काही महिने ती देतातच. पण त्या भरवशावर रोज पेनकिलर खायची परवानगी मिळते असं नाही.

आणखी एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. बायपासमध्ये मागे राहिलेल्या जठरापर्यंत नेहमीची एंडोस्कोपी पोचत नाही. तोंडातून सोडलेली दुर्बीण छोट्या पिशवीतून थेट आतड्यात जाते. मागच्या जठरात काही रक्तस्राव झाला तर शोधायलाच वेगळी धावपळ करावी लागते.

मग स्लीव्ह म्हणजे मोकळं रान?

नाही. स्लीव्हमध्ये जोड नाही, म्हणून जोडावरचा अल्सर नाही. रोज पेनकिलर लागणाऱ्या माणसासाठी सर्जन स्लीव्हकडे झुकतात ते यासाठीच. पण उरलेली नळी जठरच आहे, तिलाही अल्सर होऊ शकतो. वजनाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर शक्यतो या गोळ्या टाळाव्यात, असाच सल्ला दिला जातो. फरक असा की स्लीव्हनंतर गरज पडली तर कमी दिवस, कमी डोस, सोबत ॲसिडिटीची गोळी आणि डॉक्टरांची नजर, एवढी जागा उरते. बायपासनंतर ती जागा जवळजवळ संपते.

शिवाय मूत्रपिंडं. ऑपरेशननंतर पहिले काही महिने पाणी घोट-घोट प्यावं लागतं, सहज कमी पडतं. शरीरात पाणी कमी आणि वर पेनकिलर, हे मूत्रपिंडांना अजिबात आवडत नाही.

आणि स्लीव्हची स्वतःची एक किंमत आहे, ॲसिडिटी. नळी अरुंद असते, आतला दाब वाढतो, आम्ल वर अन्ननलिकेत येतं. फिनलंडमध्ये स्लीव्हपास नावाची एक चांगली चाचणी झाली. २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं आणि दहा वर्षं मागे लागून तपासलं. दहा वर्षांनी जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४३.५ टक्के गेलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५१.९ टक्के. आणि अन्ननलिकेला आतून सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना होती, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना.

हे आकडे मला आवडले कारण ते कुणाचीच बाजू घेत नाहीत. बायपासनं वजन थोडं जास्त उतरतं आणि ॲसिडिटी कमी होते. स्लीव्हमध्ये गोळ्यांना थोडी जागा मिळते. म्हणून ज्याला आधीच छातीत जळजळ आहे, एंडोस्कोपीत अन्ननलिका सुजलेली दिसते, त्याला फक्त पेनकिलरसाठी स्लीव्ह करायला लावणं चुकीचं ठरू शकतं. जुना, इन्सुलिनवर गेलेला मधुमेह असेल तरी बरेच सर्जन बायपासचा विचार करतात. अशा माणसानं ऑपरेशन न बदलता दुखण्याचं औषध बदलायचं, आणि तेही ऑपरेशनच्या आधी.

"वजन उतरलं की गोळ्या सुटतीलच"

मला वाटतं सगळ्यात मोठा घोळ या वाक्यात आहे. नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, आपण स्वतःलाही म्हणतो. बायपास करून टाक, वजन उतरेल, दुखणं जाईल, मग गोळ्यांचा प्रश्नच कुठे?

यात थोडं खरं आहे. गुडघ्यांच्या झिजेचा अभ्यास झालाय. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसभरातली पावलं मोजा, मग कळेल आईला जिना का सोपा वाटायला लागतो.

पण दुखणं एकाच कारणानं होत नाही. माझ्या पाठीतली सूज माझ्या प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे आहे. वजन उतरल्यावर मदत होईल, औषधंही बरी लागू पडतील, पण आजार जाणार नाही. मणक्यात दबलेली नस वजनाबरोबर आपोआप सुटेलच असं नाही. मधुमेहानं बधिर झालेले, जळजळणारे पाय तसेच राहू शकतात.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वजनाचं ऑपरेशन झालेले ११,७१९ लोक. त्यातले साधारण ८ टक्के लोक ऑपरेशनच्या आधीपासून सतत अफूवर्गीय पेनकिलर घेत होते. ऑपरेशननंतरच्या वर्षात त्यांच्यापैकी ७७ टक्के लोकांच्या त्या गोळ्या चालूच राहिल्या. आपल्याकडे तशा गोळ्यांचं प्रमाण वेगळं आहे, मान्य. पण मुद्दा तोच. ऑपरेशन निवडताना असं धरून चला की दुखणं राहणार आहे. गेलं तर बोनस.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टीम बदलताना आधी विचारतो की कशाकशाचा यावर आधार आहे. ऑपरेशनच्या बाबतीत ती यादी म्हणजे तुमच्या गोळ्या.

दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या

सगळे माझ्यासारखे नॅप्रोक्सेनवर नसतात. नसांच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन देतात. त्यांनी जोडाला अल्सर होत नाही. पण इथे प्रश्न शोषणाचा येतो. गॅबापेंटिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात जातं, आणि बायपासमध्ये वगळला जातो तो भाग वरचाच. ड्युलोक्सेटिनच्या दाण्यांवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, त्याचंही गणित बदलू शकतं. म्हणून 'तीच गोळी, तोच डोस, पण हल्ली काम करत नाही' असं बायपासनंतर वाटलं तर तो मनाचा खेळ समजू नका. डॉक्टरांना सांगा.

पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असलेल्या गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. त्यांना लांबचा रस्ता आणि वेळ लागतो. बायपासनंतर तो रस्ता छोटा होतो. तिथे बहुतेक वेळा साधी किंवा पातळ औषधं देतात. आणि अशी गोळी गिळायला मोठी वाटते म्हणून कुटून कधीच घेऊ नका. बारा तासांचा डोस एकदम अंगावर येतो.

ट्रॅमाडॉलबद्दल वेगळं सांगतो. अल्ट्रासेटसारख्या गोळीत ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतं. ते एनएसएआयडी नाही, म्हणून 'बायपासनंतर चालतं' असं लोक म्हणतात. अल्सरपुरतं ते खरं आहे. पण ते अफूवर्गीय आहे, त्याची सवय लागते, आणि एप्रिल २०१८ पासून भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. काही नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. शिवाय बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. ट्रॅमाडॉल आणि दारू एकत्र, हा विचारही नको.

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

आता मोबाईल हातात आहेच, तर एक काम करा. घरातला औषधांचा डबा उघडा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. ब्रँडचं नाव नको, आतलं औषध वाचा.

कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. झेरोडॉल-पीमध्ये ॲसेक्लोफेनॅक. नाइस म्हणजे निमेसुलाइड. आणि मुलींनो, पाळीच्या दुखण्याला जी मेफ्टाल-स्पास पर्समध्येच असते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड आहे. ही सगळी त्याच घराण्यातली. 'मी पेनकिलर घेत नाही, फक्त पाळीत एक मेफ्टाल' असं डॉक्टरांना सांगितलं, तर ती पेनकिलर यादीत येतच नाही.

क्रोसिन आणि डोलो म्हणजे पॅरासिटामॉल, ते वेगळं. जोडाला त्याचा तसा त्रास नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. निरोगी मोठ्या माणसाला दिवसात जास्तीत जास्त चार ग्रॅम. म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की हद्द आली. वजन जास्त असलेल्या बऱ्याच जणांचं यकृत आधीच चरबीनं सुजलेलं असतं, त्यांच्यासाठी डॉक्टर ही हद्द आणखी खाली आणतात. आणि कॉम्बिनेशनच्या गोळ्यांमधलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं.

एटोरिकॉक्सिबबद्दल खूप जण विचारतात. ती पोटाला तुलनेनं सौम्य आहे, हे खरं. पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे, आणि हृदयाचा धोका वेगळा बघावा लागतो. 'ही चालते' असं मेडिकलवाल्यानं सांगून भागत नाही.

हृदयासाठी डॉक्टरांनी छोटी ॲस्पिरिन दिली असेल तर ती मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. तो निर्णय कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन मिळून घेतात.

मी काय ठरवलं

माझी एंडोस्कोपी झाली. अन्ननलिका स्वच्छ. एच. पायलोरी नावाच्या जिवाणूची तपासणीही झाली, कारण तोही अल्सर करतो आणि आपल्याकडे तो भरपूर लोकांच्या पोटात असतो. तो निघाला असता तर आधी त्याचा कोर्स घ्यावा लागला असता. शुगर काठावर आहे, मधुमेह नाही.

मग मी सर्जन आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. अक्षरशः एकाच्या केबिनमधून दुसऱ्याला फोन. सर्जन वजन आणि शुगर बघतात, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट सांधे बघतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण पूर्ण यादी फक्त आपल्या हातात असते. ती दोघांसमोर एकाच वेळी ठेवायचं काम आपलंच.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी दुसरा रस्ताही दाखवला, बायोलॉजिक इंजेक्शनं. ती त्वचेखाली घेतात, पोटाच्या रस्त्यानं जातच नाहीत, त्यामुळे बायपास असो की स्लीव्ह, शोषणाचा प्रश्न येत नाही. जोडावर अल्सरचा तसा प्रश्नही नाही. पण ती महाग आहेत, चालू करण्याआधी लपलेल्या टीबीची तपासणी लागते, संसर्गाचा धोका असतो, आणि वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. ज्याचं दुखणं अशा इंजेक्शनवर आटोक्यात आहे आणि पेनकिलर खरोखर सुटलेली आहे, त्याला बायपासचं दार उघडं आहे.

मी स्लीव्ह निवडली. पुढच्या महिन्यात आहे. बायपासपेक्षा वजन थोडं कमी उतरेल, हे मी मान्य केलंय. ॲसिडिटी होऊ शकते, तेही. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्लीव्हनंतर ॲसिडिटी फारच वाढली तर तिचं पुढे बायपासमध्ये रूपांतर करावं लागतं. म्हणजे तेव्हा नॅप्रोक्सेन बंदच. म्हणून स्लीव्ह करूनही मी ती गोळी कमी करायच्या मागे आत्तापासून लागलोय. फिजिओथेरपी रोज, आणि इंजेक्शनच्या खर्चाचा हिशोब एक्सेलमध्ये.

खर्चावरून आठवलं. इन्शुरन्स. विमा नियामक आयआरडीएआयनं ठरवून दिलेल्या शब्दांप्रमाणे साधारणपणे बीएमआय ४० किंवा जास्त असेल तर हे ऑपरेशन कव्हर होतं. ३५ च्या पुढे असेल तर सोबत ठरावीक गंभीर आजार लागतात. लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. या यादीत सांधेदुखी नाही. माझा बीएमआय ३८.५ आणि आजार सांध्यांचा, म्हणजे मी बरोबर मधल्या फटीत. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधी वेगळी अट असते, म्हणून एचआरला तोंडी विचारू नका, लेखी विचारा.

वैद्यकीय निकष वेगळे आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलंय. डॉक्टरांचं 'लागू' आणि विम्याचं 'लागू' यात एवढं अंतर आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, माझ्या यादीतली कुठली गोळी पुढची दहा वर्षं लागणारच आहे?

दोन, ती बंद करता येत असेल तर ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने बंद करून बघता येईल का? दुखणं सहन होतंय का हे आधीच कळेल. टाके पडल्यावर कळून उपयोग नाही.

तीन, माझ्या एंडोस्कोपीत काय दिसलं? अन्ननलिका कशी आहे, एच. पायलोरी आहे का?

चार, ऑपरेशननंतर अचानक दुखलं, दाढ दुखली, हाड मोडलं, तर काय घ्यायचं? डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का? जेलमधून रक्तात औषध फार थोडं जातं, पण तेही विचारूनच.

पाच, कुठल्या लक्षणावर थेट कॅज्युअल्टीत यायचं?

पाचव्याचं उत्तर मी आत्ताच देतो. डांबरासारखी काळी शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटाच्या वरच्या भागात अचानक असह्य कळ. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि बायपास झालेल्यांनी एक काम आजच करा. फोनमध्ये इमर्जन्सीची वैद्यकीय माहिती भरायची सोय असते, लॉक स्क्रीनवरून दिसते. तिथे लिहा, 'गॅस्ट्रिक बायपास झालेलं आहे, एनएसएआयडी देऊ नये'. आपल्याकडे गाडीवरून पडलं की कॅज्युअल्टीत पहिलं इंजेक्शन बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचंच असतं. तुम्ही शुद्धीत असाल-नसाल, फोन बोलेल. डेंटिस्टला सांगा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यालाही सांगा. घरच्यांना तर सांगाच, कारण 'घे रे एक कॉम्बिफ्लाम, काही होत नाही' हे वाक्य घरातूनच येतं.

शेवटचं एक. ऑपरेशननंतर हातापायांना मुंग्या यायला लागल्या तर जुनं दुखणं म्हणून सोडू नका. बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या येतात, सतत उलट्या झाल्या तर बी-१ कमी पडून नसांना इजा होते, आणि डी-जीवनसत्त्व कमी झालं की हाडं दुखतात. तिथे पेनकिलर वाढवून उपयोग नाही, रक्त तपासायला हवं. व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर आहेत, त्यात चालढकल नाही.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलंत, टिर्झेपटाइड वगैरे, जी २०२५ मध्ये आपल्याकडे आली. त्यात जोड नाही, त्यामुळे आजचा हा विशिष्ट प्रश्न नाही. पण त्यांचे स्वतःचे प्रश्न आहेत, त्यावर वेगळा भाग करू.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि त्याआधी तो औषधांचा डबा उघडा, फोटो काढा. पुढच्या भागाला मी बहुतेक पातळ वरणाच्या पाण्यावर असेन, आवाज बारीक आला तर समजून घ्या. काळजी घ्या, भेटू!